पुणेरी पलटणीचा कप्तान टाकळीभानचा

1 मार्च 2024. जुम्याचा दिवस होता आणि रमजान दीड आठवड्यावर आलेला. इशाची नमाज झाल्यावर आम्ही पाच-सहा जण पिशोरच्या एका चहाच्या हॉटेलात बसलो होतो. मधल्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून एक मोबाइल उभा केला होता. त्यावर हैदराबादच्या गच्चीबौली स्टेडियममधली प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाची अंतिम लढत चालू होती. एका बाजूला पुणेरी पलटण, दुसऱ्या बाजूला हरियाणा स्टीलर्स. शिट्टी वाजली, 28-25. पुणे पहिल्यांदा विजेतं झालं. आमच्यातला एक पोरगा उठून ओरडला, "अपना अस्लम जीत गया!"

शेजारच्या टेबलावर गावातले एक म्हातारे आबा बसले होते. तरुणपणी पंचक्रोशीत त्यांची पकड प्रसिद्ध होती. घोट्याला हात लागला की सुटका नाही, असं अजून सांगतात. ते हसून म्हणाले, "तुमचा कसा रे? तो तर आमचा. नगर काय लांब आहे का इथून?"

पोरगा गोंधळला. आम्ही सगळे हसलो, चहा पिऊन घरी गेलो. मला मात्र झोप लागेना. "अपना" या शब्दात त्या पोराला काय म्हणायचं होतं आणि आबांना काय, याचा विचार डोक्यातून जाईना. मी इतिहासाचा वाचक आहे. प्रश्न पडला की मागे जाऊन बघायची खोड आहे. म्हणून हा लेख.

हुतूतूपासून मॅटपर्यंत

कबड्डी हा आपल्याकडचा जुना खेळ. महाराष्ट्रात त्याला हुतूतू म्हणत, इतर प्रांतांत वेगवेगळी नावं. खेळ एक असला तरी नियम गावोगावी निराळे. बाद झालेला गडी परत येतो की नाही, दम किती वेळ टिकवायचा, मैदान केवढं, यावरून भांडणं ठरलेली. हे नियम एका साच्यात बसवण्याचं काम मुख्यतः महाराष्ट्रातल्या आणि बडोद्याच्या क्रीडामंडळांनी केलं. 1923 साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. 1950 साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि तिथून 2014 पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताने घेतली.

एवढं असूनही कबड्डीपटूला पैसा नव्हता. चांगल्या गड्याची धाव सरकारी नोकरीपर्यंत. पोलीस, रेल्वे, बँक, सैन्य. खेळाडूंच्या आरक्षणातून चिकटलं की घरचे म्हणायचे, पोरगं मार्गी लागलं. ज्यांना ते जमलं नाही ते परत शेतात. आबा त्यातलेच.

2014 साली प्रो कबड्डी लीग आली. 26 जुलैला सुरुवात, आठ संघ, 31 ऑगस्टला मुंबईत अंतिम सामना. जयपूर पिंक पँथर्सने यू मुंबाला 35-24 असं हरवलं. माती गेली, मॅट आलं. अनवाणी पायांत बूट आले. तीस सेकंदांची चढाई, तिसऱ्या चढाईत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद, असे नियम टीव्हीच्या प्रेक्षकाला बांधून ठेवतील अशा बेताने बसवले गेले. आणि खेळाडूंचा लिलाव होऊ लागला. लिलाव हा शब्द मला आजही खटकतो. आमच्याकडे लिलाव अद्रकाचा होतो, मक्याचा होतो. पण त्याच लिलावाने खेड्यातल्या पोरांच्या घरावर स्लॅब पडला, हेही खरं आहे.

पुणेरी पलटण पहिल्या हंगामापासूनची. पहिली दोन वर्षं गुणतक्त्यात तळाला. पुढे तिसऱ्या क्रमांकापर्यंत मजल गेली, पण चषक नाही. 2022 च्या नवव्या हंगामात इराणच्या फजल अत्राचलीला 1 कोटी 38 लाखांना घेऊन कप्तान केलं. संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि 17 डिसेंबर 2022 ला मुंबईत जयपूरकडून 33-29 असा हरला. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत, दोघे भरवशाचे चढाईपटू, त्या सामन्यात नव्हते.

संघ धर्मावर ठरत होते तेव्हा

इथे थोडं मागे जातो, कारण "अपना" या शब्दाचा एक जुना हिशेब बाकी आहे.

मुंबईत एकेकाळी क्रिकेटची सगळ्यांत मोठी स्पर्धा धर्मावर उभी होती. आधी युरोपियन आणि पारशी. 1907 साली हिंदूंचा संघ आला, तिरंगी स्पर्धा झाली. 1912 साली मुसलमानांचा संघ आला, ती चौरंगी झाली. 1937 साली "रेस्ट" म्हणजे उरलेल्यांचा संघ आला, पंचरंगी झाली. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते "उरलेल्यां"मधून खेळत. मुश्ताक अली, वझीर अली हे मुसलमानांच्या संघातून. विजय मर्चंट हिंदूंच्या संघातून. हीच माणसं देशासाठी मात्र एका संघात खेळायची.

या स्पर्धेला गर्दी तुफान व्हायची. विरोधही होता. 1940 च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे लोक वर्ध्याला गांधीजींना भेटले, तेव्हा त्यांनी खेळात धर्मावर संघ पाडण्याबद्दल स्पष्ट नापसंती सांगितली. त्या वर्षी हिंदूंचा संघ खेळला नाही. "बॉम्बे क्रॉनिकल"चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी हेही या स्पर्धेच्या विरोधात होते. आपल्यातल्या अनेकांना हे नाव आज माहीत नाही, ते माहीत असायला हवं.

तरी स्पर्धा चालू राहिली. 1944-45 च्या हंगामाचा अंतिम सामना ब्रेबर्न स्टेडियमवर झाला. मुसलमानांच्या संघाने हिंदूंच्या संघाला एका गड्याने हरवलं. के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिले, 137 धावा. मैदानावर मैत्री होती, दोन्ही कप्तान मुश्ताक अली आणि मर्चंट एकमेकांचे चाहते होते. पण मैदानाबाहेर देश फाटायला निघाला होता. 1945-46 नंतर ही स्पर्धा कायमची बंद झाली.

मला लहानपणी एका मामूंनी इब्राहिमची ती खेळी सांगितली होती. त्यांनी स्वतः ती पाहिलेली नव्हती. त्यांनाही कुणीतरी सांगितलेली. सांगताना त्यांचे डोळे चमकायचे, "अपनी टीम जीती थी." तेव्हा मलाही ते आवडायचं. आता वाटतं, त्या विजयात आनंद होता, पण तो विजय ज्या चौकटीत मिळाला ती चौकटच वाईट होती. तिथे इब्राहिम जिंकला की शेजारचा हरायचाच. दुसरी सोयच नव्हती.

हांगझोउ ते मुंबई, तीन दिवस

आता परत कबड्डीकडे. 2018 ला जकार्तात भारताच्या पुरुषांना उपांत्य फेरीत इराणने हरवलं आणि सुवर्णपदकांची साखळी तुटली. त्याच स्पर्धेत महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला 27-24 असं नमवलं. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. एक मराठी बाई इराणच्या मुलींना कबड्डी शिकवते आणि त्या मुली आपल्यालाच हरवतात. "अपना" आणि "पराया" यांचा किती गुंता होतो बघा.

त्यानंतरची आशियाई स्पर्धा चीनमधल्या हांगझोउला, 2023 साली. 7 ऑक्टोबरला पुरुषांचा अंतिम सामना, परत भारत आणि इराण. भारताच्या संघात अस्लम इनामदार होता. इराणच्या संघात फजल अत्राचली आणि मोहम्मदरेझा शादलू. शेवटचं मिनिट, 28-28 अशी बरोबरी, पवन सेहरावतची चढाई आणि गुणांवरून वाद. जवळपास तासभर खेळ थांबला. अखेर भारत 33-29 असा जिंकला.

त्या दिवशी दुपारी मला एकाने विचारलं, "काय मग, तुम्ही आज कुणाकडून?" हसत विचारलं. वाईट माणूस नव्हे. पण हा प्रश्न आम्हाला आयुष्यभर विचारला जातो, आणि प्रत्येक वेळी हसतच विचारला जातो. मी काही बोललो नाही. मोबाइल पुढे केला. पडद्यावर निळ्या जर्सीत अस्लम उभा होता.

आणि आपण आपल्यापुरतंही खरं बोलू. त्याच दिवशी आमच्यातल्या एक-दोन पोरांना इराणी खेळाडूंच्या धिप्पाडपणाचं, त्यांच्या नावांचं वेगळंच आकर्षण होतं. शादलूने मांडी थोपटली की टाळ्या. खेळ म्हणून त्यात गैर काहीच नाही. चांगला खेळाडू कुठलाही असो, आवडणारच. पण नाव ओळखीचं वाटलं म्हणून टाळी आणि खेळ आवडला म्हणून टाळी, यातला फरक आपला आपल्याला कळला पाहिजे.

7 तारखेला ही लढत. 9 आणि 10 ऑक्टोबरला मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव. पवन सेहरावत 2 कोटी 60 लाख 50 हजारांना तेलुगू टायटन्सकडे गेला. शादलूला 2 कोटी 35 लाखांना पुणेरी पलटणने घेतलं. फजल अत्राचली पुण्यातून गुजरातकडे गेला. तीन दिवसांपूर्वी जो शादलू अस्लमचा घोटा धरायला टपला होता, तो आता अस्लमच्याच संघात, डाव्या कोपऱ्यात. आणि पलटणने कप्तान नेमला अस्लम इनामदारला.

एक हंगाम

दहावा हंगाम 2 डिसेंबर 2023 ला अहमदाबादेत सुरू झाला. बारा संघ, बारा शहरं, प्रत्येकाचे 22 साखळी सामने. पलटणचे प्रशिक्षक बी. सी. रमेश. संघ तरुण. पंकज मोहिते, आकाश शिंदे, मोहित गोयत चढाईला. गौरव खत्री, अभिनेश नादराजन, संकेत सावंत आणि शादलू पकडीला. अस्लम चढाईही करायचा, पकडही.

या संघाची गंमत अशी की एका माणसावर तो उभा नव्हता. हंगामात सर्वाधिक चढाईगुण दिल्लीच्या आशू मलिकने घेतले, 276. पुण्याचा कुणीही त्याच्या आसपास नव्हता. पण पुण्याचा एक चढाईपटू बाद झाला की दुसरा तयार, तो गेला की तिसरा. पकडीतही तसंच. शादलूने हंगामात 99 पकडगुण मिळवले आणि सर्वोत्तम बचावपटू ठरला. तरी समोरच्याने त्याचा कोपरा टाळला की दुसऱ्या कोपऱ्यात गौरव खत्री बसलेलाच.

साखळीत पलटणने 22 पैकी 17 सामने जिंकले, 3 बरोबरीत सोडवले, फक्त 2 हरले. ते दोनही सात किंवा त्याहून कमी गुणांनी, म्हणून त्या हरण्याचाही एकेक गुण पदरात पडला. एकूण 96. जयपूर 92 वर दुसरं. 28 फेब्रुवारीला उपांत्य सामन्यात पाटणा पायरेट्सला 37-21 असं गारद केलं. शादलू आधीचे दोन हंगाम याच पाटण्याकडून खेळलेला. दुसऱ्या उपांत्य सामन्यात हरियाणाने गतविजेत्या जयपूरला 31-27 असं घरी पाठवलं.

अंतिम सामना चुरशीचा पण कमी गुणांचा झाला. दोन्ही बचाव इतके घट्ट की चढाईपटू हात राखून खेळत होते. पूर्वार्ध संपत आला तेव्हा पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले. आमच्या टेबलावरचा मोबाइल तेव्हा धक्का लागून पडला, कारण सगळे एकदम उठले. मध्यंतराला पुणे 13-10. उत्तरार्धात अंतर वाढलं, मग हरियाणाने ते कमी करत आणलं, पण वेळ संपली. 28-25. त्या रात्रीचा खरा गडी पंकज, 9 गुण. अस्लमला हंगामाचा सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून गौरवलं गेलं.

इनाम कुणाचं

अस्लम मुस्तफा इनामदार हा तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. श्रीरामपूर तालुका, ऊस आणि बागायतीचा पट्टा. पण ऊस सगळ्यांच्या घरी नसतो. वडील लवकर गेले, आईने मोलमजुरी करून घर चालवलं. पोरगा खेळत राहिला. 2021-22 च्या आठव्या हंगामात पलटणकडून पहिल्यांदा मॅटवर उतरला, आणि दोन वर्षांत कप्तान.

इनामदार या आडनावाकडे बघा. सारा माफ असलेली जमीन म्हणजे इनाम. कुणाला मशिदीच्या दिवाबत्तीसाठी, कुणाला देवळाच्या पूजेसाठी, कुणाला गावकीच्या कामासाठी, कुणाला लढाईतल्या चाकरीसाठी मिळालेली. म्हणून इनामदार ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत, मुसलमानांत आहेत. स्वातंत्र्यानंतर कायद्याने इनामं गेली, आडनाव तेवढं राहिलं. नुसतं आडनाव ऐकून माणूस कुठल्या घरचा ते सांगता येत नाही. मला या आडनावाचं हेच आवडतं. आपल्या गावांची शेकडो वर्षांची एकत्र वहिवाट त्या एका शब्दात आहे.

आता त्या रात्रीच्या "अपना"कडे. त्या पोराला मी रागावणार नाही. बातम्यांत आमची नावं कशासाठी येतात ते त्याला माहीत आहे. अशा वेळी एक अस्लम चषक उचलताना दिसला, मराठी संघाचा कप्तान म्हणून, तर त्याच्या छातीत जे होतं ते माझ्याही छातीत झालं. ते लपवण्यात अर्थ नाही. ज्याच्या नावाला कायम संशय चिकटतो, त्याला आपलं नाव कौतुकात ऐकायची भूक असतेच.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पोराच्या मोबाइलवर स्टेटस होतं. अस्लमचा फोटो, शादलूचा फोटो, हिरवी पार्श्वभूमी. पंकज मोहितेचा फोटो नव्हता. मी त्याला बोलावून एवढंच विचारलं, "काल चार गुण कुणी आणले?" तो म्हणाला, "पंकजनं." म्हटलं, "मग तो कुठाय?" पोरगं शहाणं. संध्याकाळी स्टेटस बदललेलं होतं. सगळ्या संघाचा फोटो, अस्लमच्या हातात चषक.

हे मी त्याला लाजवायला केलं नाही. पंचरंगी क्रिकेटमध्ये मुसलमानांच्या संघात पंकज असूच शकत नव्हता. तिथे आपण जिंकलो तरी शेजाऱ्याला हरवून जिंकायचो. पलटणमध्ये पंकज बाद झाला तर त्याला परत आत आणायला अस्लमला समोरचा गडी मारावा लागतो. कबड्डीचा नियमच असा आहे. तुमचा बाद झालेला माणूस तुमच्या गुणानेच जिवंत होतो. ज्या संघात एकमेकांना जिवंत करायची सक्ती आहे, तिथला विजय फक्त आपल्यापुरता कापून घेतला तर त्यातलं मोठेपणच निघून जातं.

आणि उलट बाजूही बोललीच पाहिजे. अस्लम जिंकला की "खेळाला धर्म नसतो" म्हणणारे पुष्कळ भेटतात. चांगलं आहे. पण तोच अस्लम चढाईत चुकला आणि समोर इराण असला, तरी ते हेच म्हणतील का? आबांनी त्या रात्री "तो तर आमचा" म्हटलं ते मला मोलाचं वाटतं, कारण आबा हरलेल्या गड्यालाही आमचा म्हणतात. मी त्यांना गावच्या सामन्यांत पाहिलंय. पोरगं हरलं, मैदानाच्या कडेला रडत बसलं, की त्याच्या पाठीवर हात ठेवणारे आबाच असतात. तेव्हा पोरगं कुणाचं आहे, हे ते विचारत नाहीत.

पलटणची पुढची गोष्टही सांगून टाकतो. पुढच्या हंगामात शादलू लिलावात हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेतं झालं, तेही पुण्याच्या बालेवाडीत. 2025 मध्ये पुणे परत अंतिम फेरीत पोहोचलं आणि दिल्लीकडून 31-28 असं हरलं. तो सामनाही आम्ही त्याच हॉटेलात पाहिला, त्याच साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून. पोरं गप्प बसली होती.

आबांनी चहाचे पैसे दिले आणि उठता उठता म्हणाले, "चला, हरला आपला."

या वेळी कुणी विचारलं नाही, आपला म्हणजे कोणाचा.